साठवलेलं पाणी

शिळेवाडी, मुळशी पेटा
माघ वद्य, सन १९२५

चि. जयसिंग यास आक्काचा आशीर्वाद.

लीलाबाईचा ताप उतरला का ते कळव. हितं आमी बरी हाओत, पण जीव थाऱ्यावर न्हाई म्हणून लिहायला बसले.

परवा पुण्याच्या शेठजींचा माणूस येऊन गेला. तुझ्या दाजींनी भाताची गिरणी घातली तवा इंजिनापायी गिरणी अन् राहतं घर शेठजींकडं गहाण ठेवलं, हे तुला ठाऊक हाय. दाजी गेल्यावरबी मी व्याज कधी थकू दिलं न्हाई. तरी तो माणूस म्हणाला, "बाई, धरण होतंय. उद्या गिरणी बुडाली तर शेठजींनी काय हातात धरायचं? विमा उतरवा, न्हाईतर गहाण सोडवा." मी म्हटलं, माझा भाऊच विम्याच्या कचेरीत लागलाय, त्याला विचारून सांगते.

दुसरं कोंडाजीचं. सत्याग्रहात दोनदा तुरुंगात जाऊन आला. आता म्हणतो, "आक्का, धरण काय थांबलं न्हाई. निदान राहायला-पिकवायला बदली जागा तरी मागू." गाव मिळून अर्ज करतुया, त्यात माझं नाव घालू का विचारतो. पाणी कुटवर येणार त्याची मोजणीवाल्यांनी चुन्याची खूण केली, ती गिरणीच्या लई खाली, ओढ्याच्या कडंला हाय. खुणेच्या वरच्यांना हक्कानं काही मिळत न्हाई, पण सगळ्यांनी मिळून मागितलं तर देतील, असं त्याचं म्हणणं. आपला इंजिनवाला गेणबा म्हणतो, बाई, जाऊ. मला सुचत न्हाई. आबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच.

रंभाबाई


शुक्रवार पेठ, पुणे
३ मार्च १९२५

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का यांस जयसिंगाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोचले. लीलाला आता बरे आहे, तुझी आठवण काढते.

तू घाबरू नकोस. शेठजींचे म्हणणे गैर नाही, सगळे सावकार हल्ली तेच मागतात. आमच्या शिवनेर विमा मंडळीची रीत अशी, की गिरणी एकच असली तरी तिच्यात जीव दोघांचा गुंतलेला असतो, मालकाचा आणि सावकाराचा. म्हणून विमाही दोघांचा वेगळा उतरतो. तुझ्या कागदात तुझी बाजू, शेठजींच्या कागदात त्यांची. ज्याने त्याने आपला हप्ता भरायचा. गिरणीला काही झालेच तर शेठजींचे येणे त्यांना मिळेल आणि त्यावरची किंमत तुला. आग आणि पूर, दोन्ही मी तुझ्या कागदात घालून घेतो.

कोंडाजीच्या नादी लागू नकोस. बदली जमीन म्हणजे डोंगरावरचा मुरूम, तिथे ना भात ना गिरणी. शिवाय अर्जावर नाव घातलेस, तर गिरणी बुडणार असे तू आपण होऊन कबूल केल्यासारखे होईल. मग कोणती मंडळी तिचा विमा उतरवील? चुन्याची खूण खाली आहे ना? मग पाणी खालीच राहील. तू जागची हलू नकोस. कागद पाठवतो, सही कर.

जयसिंग


शिळेवाडी
चैत्र शुद्ध, सन १९२५

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

सही करून कागद गेणबाच्या हाती पाठवलाय. कोंडाजीला न्हाई म्हणून सांगितलं. तो गिरणीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ सांगतोय म्हणजे बघूनच सांगत आसंल." त्याचं बोलणं मला लागलं.

एक विचारायचं राहिलं. आबांनी चौथीपर्यंत शाळेत घातलं म्हणून छापील वाचता येतं. कागदात 'पूर' असा शब्द हाय, पण पूर म्हणजे कोणतं पाणी ते त्यात न्हाई. 'शर्ती मागे पाहाव्या' असं लिहिलंय अन् मागं सगळं इंग्रजी. मुळा नदी काठ सोडती तो पूर, हे मला कळतं. पण उद्या धरणाचं पाणी वर चढलं, तर ते यात धरलंय का? तू वाचलं असशील. मला एका ओळीत सांग, म्हणजे निजेन.

रंभाबाई


पुणे
२० एप्रिल १९२५

ती. स्व. आक्कास नमस्कार.

आक्का, पाणी ते पाणीच. नदीचे काय आणि धरणाचे काय, दोन्ही आभाळातूनच येते. इंग्रजी शर्ती ही वकिलांची चाल असते, त्यात तू जीव घालू नकोस. मी आत बसलो आहे ना? तुझा कागद माझ्या हातून गेलेला आहे.

शेठजींनीही आपल्या बाजूचा विमा उतरवला. आता ते तुझ्याकडे माणूस धाडणार नाहीत.

लीला विचारते, औंदाचा आंबेमोहोर कसा आहे? जमल्यास एक पोते पाठव. कचेरीतल्या साहेबांनाही द्यायचा आहे.

जयसिंग


शिळेवाडी
फाल्गुन वद्य, सन १९२६

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात कोंडाजीची माणसं निघाली. वर डोंगराच्या अंगाला त्यांना जागा मिळाली. मुरूम हाय, पण हाय. जाताना बायांनी उंबऱ्यांवर हळदकुंकू वाहिलं. त्याची बायको तुकाबाई मला म्हणाली, "आक्का, तुमचं बरं हाय, तुमी वर हाय." तिनं ते वाईट मनानं न्हाई म्हटलं.

पण ती गेल्यावर मोजणीवाले परत आले. त्यांनी चुन्याची नवी खूण मारली, ती गिरणीच्या मागं, वरल्या खडकावर. गेणबानं विचारलं तर त्यातला एक जण म्हणाला, "साहेबाला विचार." गेणबा म्हणतो, मोटारीत साहेबाच्या शेजारी तू बसला होतास. मी म्हटलं, तुझी नजर गेली, माझा भाऊ दारावरनं जाऊन पाणी प्यायला आत येणार न्हाई असं व्हायचं न्हाई. तरी त्यानं शब्द मागं घेतला न्हाई.

तू होतास का? असलास तर आत का आला न्हाईस? अन् ती खूण कसली? शेजारच्या वाडीची माणसं अजून अर्जावर नावं घालत्यात. मी घालू का? लवकर लिही.

रंभाबाई


पुणे
२ एप्रिल १९२६

ती. स्व. आक्कास नमस्कार.

गेणबा खोटे बोलला नाही. मी होतो. धरणाच्या साहेबांनी मोटारीत घेतले होते, त्यांना वेळ नव्हता, म्हणून उतरता आले नाही. त्याचे मला वाईट वाटले.

खूण रस्त्याची आहे. जुना रस्ता पाण्यात जाणार, म्हणून गिरणीच्या मागून नवा काढणार आहेत. म्हणजे तुझा फायदाच. गाड्या दारावरून जातील. अर्जात नाव घालू नकोस, आता तर मुळीच नको. विम्याचा कागद रद्द होईल.

आणखी एक. शेठजी थकले. त्यांनी पेट्यातली सगळी गहाणे दुसऱ्यांना विकून टाकली. तुझेही गेले. घेणारे माणूस भले आहे, व्याजाची घाई करणार नाही. व्याज यापुढे माझ्याकडे पाठव, मी पोचवीत जाईन.

जयसिंग


वरची वाडी, गेणबाचं खोपट
श्रावण शुद्ध, सन १९२७

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

गिरणी गेली.

पूर येतो तवा आवाज होतो. गुरं हंबरत्यात, माणसं हाका मारत्यात. हे पाणी बोललंच न्हाई. सकाळी धोंडाबाई, गेणबाची बायको, भांडी घासाया ओढ्यावर गेली अन् पळत आली. म्हणाली, "आक्का, ओढा उलटा चाललाय." मी जाऊन बघितलं. पालापाचोळा डोंगराकडं चालला होता. मोजणीवाल्यांची पहिली खूण दिसंना. मी म्हटलं, थांबंल. तू सांगितलं होतंस.

न्हाई थांबलं. दुसऱ्या दिवशी तुसाच्या ढिगातनं उंदीर निघाले, मग तूस तरंगाया लागलं. गेणबानं इंजिनाचं चाक सोडवलं, पण चौघांना मिळून ते उचललं न्हाई. दाजींनी बैलगाडीत घालून ते चाक घाटातनं आणलं तवा गावानं वाजतगाजत नेलं होतं. गेणबा त्याच्यावर हात ठेवून पाण्यात उभा राहिला. मी ओरडले तवा बाहेर आला. घराच्या मागल्या भिंती रात्री बसल्या.

नव्या खुणेपातुर पाणी आलं अन् बरोबर तितंच थांबलं. जयसिंगा, रस्ता न्हाई झाला रे तितं.

मी गेणबाच्या खोपटात हाय. विम्याचा कागद कमरेला बांधून आणलाय. पुढं काय करायचं ते कळव.

रंभाबाई


पुणे
१८ ऑगस्ट १९२७

ती. स्व. आक्कास नमस्कार.

बातमी वाचून लीलाने दोन दिवस अन्न घेतले नाही. झाले ते फार वाईट झाले. देवाची मर्जी.

मी तुझा दावा लगेच घातला. पण सांगायला जड जाते, की मंडळीने तो नामंजूर केला. शर्तीत म्हटले आहे, की पूर म्हणजे वाहत्या नदीने काठ सोडून येणे. बांध घालून साठवलेले पाणी त्यात धरलेले नाही. मी पुष्कळ भांडलो. वरचे साहेब ऐकत नाहीत.

सावकाराचा दावा मात्र वेगळा आहे, तो चालू आहे. त्यासाठी मंडळीचे तपासनीस तिकडे येतील. ते तुला एकच विचारतील, की पाणी इतके वर येणार हे आधी कुणाला ठाऊक होते काय? तू इतकेच सांग, की कुणालाच ठाऊक नव्हते. नव्या खुणेचे, मोटारीचे काही काढू नकोस. सावकाराला त्याचे मिळाले, तर तो तुझ्यामागे कर्जासाठी लागणार नाही. यात तुझेच हित आहे. एवढे माझ्यासाठी कर.

जयसिंग


वरची वाडी
भाद्रपद शुद्ध, सन १९२७

जयसिंग यास.

तपासनीस येऊन गेले. काय झालं ते तुला माझ्याकडनं कळावं म्हणून लिहिते.

वयस्कर माणूस होता. चिखलातनं चालत आला. धोंडाबाईनं गुळाचा चहा दिला, तो त्यानं घेतला. मग विचारलं, "बाई, पाणी इतकं चढणार हे विम्याच्या वेळी कुणाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "कुणालाच न्हाई."

तू लिहिलं होतंस तसं. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, अन् मला त्याचं काही वाटलं न्हाई. गेणबा दारात बसला होता. तो उठून बाहेर गेला.

तपासनीसानं मान हलवली, म्हणाला, "ठीक. मग सावकाराचा दावा मंजूर व्हायला हरकत नाही. त्यांच्या कागदात साठवलेलं पाणीही धरलंय."

मी म्हटलं, "साहेब, कागद एकाच गिरणीचे. माझ्यात न्हाई अन् त्यांच्यात कसं?"

"जादा हप्ता भरला की ते कलम घालून मिळतं. त्यांनी गेल्या वर्षी गहाण विकत घेतलं, तेव्हाच घालून घेतलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"न्हाई. कोण हायेत ते सावकार?"

"एक बाई आहेत. लीलाबाई मोहिते."

मला आधी कळलंच न्हाई. मी म्हटलं, नावासारखं नाव असतं. मग विचारलं, "कुटं राहत्यात?"

"शुक्रवार पेठेत. का? ओळखता?"

"माझी भावजय हाय."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमचा विमा उतरवणारे जयसिंग मोहिते, ते..."

"माझा पाठचा भाऊ."

जयसिंगा, त्या माणसानं माझ्याकडं बघितलं न्हाई, जमिनीकडं बघितलं. परक्या माणसाला माझ्यापुढं लाज वाटली. मी विचारलं, "साहेब, कुणाला आधी ठाऊक असंल अन् त्यानं लपवलं असंल तर काय व्हतं?" तो म्हणाला, "तर दावा बाद होतो. विमा हा भरवशाचा व्यवहार असतो, बाई. बुडणार हे ठाऊक असलेल्या वस्तूचा विमा उतरत नाही."

मी गेणबाला हाक मारली. म्हटलं, साहेबांना मागली खूण दाखव. मोटारीत कोण होतं ते सांग. मग मीबी सांगितलं, की मी पहिल्यांदा खोटं बोलले. रस्त्याचं सांगितलं. अर्जात नाव घालू नको म्हणालास, तेबी. तपासनीसानं सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं अन् मी सही केली. ह्या बारीला मागं इंग्रजी काही न्हाई ना, ते बघून केली.

पहिल्या वर्षी तुला ठाऊक नसंल, असं मी मनाला सांगते. पण मोटारीतनं तू गिरणी बघितलीस. माझ्या दारावरनं गेलास. त्या दिवशी उतरून म्हणाला असतास, आक्का, हे बुडणार, नाव घाल अर्जात, तर आज मी तुकाबाईच्या शेजारी असते. मुरूम तर मुरूम. तू घरी गेलास अन् माझं गहाण विकत घेतलंस.

मी व्याज पाठवत होते. ते कुणाला पोचवत होतास रे? माजघरात?

रंभाबाई


पुणे
४ ऑक्टोबर १९२७

रंभाबाई यांस,

तुमच्या जबानीमुळे माझी जागा गेली. दावा फेटाळला. कचेरीत चपराशासमोर मला उभे करून विचारले. तुम्हाला समाधान झाले असेल.

सख्ख्या भावाला परक्या माणसापुढे उघडे पाडताना आबांची आठवण झाली नाही? पैसे हाती आल्यावर त्यातला अर्धा वाटा मी तुम्हालाच देणार होतो, हे देव जाणतो. तुमची बाजू बुडणारच होती. नामंजूर होणारा दावा कुणीही मंजूर करू शकत नाही. मी निदान सावकाराची बाजू तरी घरात राखली. बाहेरच्या कुणी घेतली असती तर बरे वाटले असते का? लीलाचे दागिने त्या गहाणात अडकले. तिने नुसती सही केली, तिला यातले काही कळत नव्हते. तिचा तरी विचार करायचा होता.

गिरणी बुडाली तरी कर्ज बुडत नाही, हे लक्षात असू द्यावे. दिवाळीपर्यंत व्यवस्था केली नाही, तर लीलाच्या नावाने दिवाणीत जाणे भाग पडेल आणि गहाणाचा ताबा मागावा लागेल.

जयसिंग मोहिते


वरची वाडी
कार्तिक शुद्ध तृतीया, सन १९२७

जयसिंग यास.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं. घाईनं काही लिहायचं नव्हतं, म्हणून थांबले.

दिवाणीत जा. कागद आला की मी पुण्याला येईन अन् जे तपासनीसाला सांगितलं तेच तितं सांगेन. लीलाबाईला म्हणावं, तुझ्या दागिन्यांचं मला वाईट वाटतं. ती न वाचता सही करून बसली, मीबी तशीच बसले. दोघींना सही करायला सांगणारा एकच होता.

गहाणाचा ताबा पाहिजे तर खुशाल घे. भिकू नावाडी लोकांना पैलतीरी सोडतो, त्याला सांगून ठेवलंय. वरच्या खडकापासनं जरा आत नाव थांबवायची, तितं खाली गिरणी हाय. इंजिनाचं चाक सुटं हाय. चौघांना उचललं न्हाई, जादा माणसं आण.

माझी काळजी करायची तुला गरज न्हाई, पण लोक विचारतील तर ठाऊक असावं म्हणून लिहिते. कोंडाजी आला होता. मला वाटलं, मागचं बोलून दाखवील. तो म्हणाला, "आक्का, आमच्याकडं भात हाय, सडायला कोन न्हाई. दोन उखळं मांडा, जागा आमी देतो." परवापासनं धोंडाबाई अन् मी मुसळ घेऊन बसतो. हात सोलवटले. संध्याकाळी माणसं आपापले कागद घेऊन येत्यात, मी त्यांना वाचून देते. समजलं न्हाई तर न्हाई म्हणून सांगते. मागची बाजू इंग्रजी असली, तर दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतल्याबिगर अंगठा लावू देत न्हाई.

काल भाऊबीज झाली. धोंडाबाईचा भाऊ लांबनं चालत आला. त्याला ओवाळून झाल्यावर तिनं ताट माझ्यापुढं धरलं. म्हणाली, "आक्का, याला ओवाळा. तुमचाबी भाऊच हाय." मी म्हटलं, नको, दुसऱ्याचा भाऊ कशाला घेऊ.

आपल्यात ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळती. दिवस मावळल्यावर डोंगरावर कोर आली, लई बारीक, लगेच जाणारी. मी बाहेर जाऊन तिला ओवाळलं. वाडीतल्या सगळ्या बाया बघत होत्या.

रंभाबाई